चौकटीतला जमीनजुमला

व्यक्तिचित्रात चेहरा हा सर्वांत महत्त्वाचा भाग असतो, असा समज चित्रकलेच्या मर्मज्ञांनी रूढ केला आहे. परंतु ज्यांनी पदरचे पैसे मोजून स्वतःची तैलचित्रे करवून घेतली, त्यांचा तसा समज होता असे त्या चित्रांवरून तरी दिसत नाही. चेहरा काय, तो गरिबालाही असतो. ईश्वराने नाक, कान आणि डोळे यांचे वाटप करताना ऐपतीची चौकशी केलेली नसल्यामुळे, किंबहुना कित्येक प्रसंगी सरदाराला शोभेलसे नाक भिक्षेकऱ्याच्या पदरात टाकून त्याने मोठाच घोटाळा करून ठेवलेला असल्यामुळे, केवळ चेहऱ्यावर विसंबून राहणे संपन्न माणसाला परवडत नाही. मखमल, लेस, रेशीम आणि मोत्यांचे सर यांचे वाटप मात्र पुष्कळच काटेकोरपणे झालेले असते. म्हणून युरोपातील जुन्या चित्रशाळांतून हिंडताना असे वारंवार दृष्टीस पडते की, चित्रकाराने चेहऱ्याची बाब एका बैठकीत उरकून घेतली आहे आणि बाहीवरच्या लेसची जाळी काढताना मात्र स्वतःच्या दृष्टीचे वाटोळे करून घेतले आहे. आणि त्याबद्दल त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण ज्या गृहस्थाकडून मोबदला वसूल व्हायचा होता तो जाळीची भोके मोजणार होता, डोळ्यांतले भाव मोजत बसणार नव्हता.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत मात्र एक चित्र असे आहे की, त्यातील धन्याला लेस आणि मखमल याही गोष्टी अपुऱ्या वाटलेल्या दिसतात. त्याने सरळ आपली जमीनच चित्रात आणून घातली. थॉमस गेन्सबरो या चित्रकाराने १७५० च्या सुमारास, म्हणजे स्वतः तेवीस वर्षांचा असताना, काढलेले हे चित्र ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याची रुंदी सुमारे ११९ सेंटिमीटर आणि उंची सुमारे ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यक्तिचित्र सामान्यतः उभे असते तसे हे नसून आडवे आहे. आणि ते आडवे असण्याचे कारण उघड आहे, ते हे की माणसे उभी राहतात, जमीन आडवी पसरते. डाव्या अंगाला एका ओक वृक्षाच्या बुंध्यापाशी यजमान आणि यजमानीणबाई यांची सोय लावून दिलेली आहे, आणि उजवीकडचा सगळा कॅनव्हास त्यांच्या शेतीने व्यापला आहे. दांपत्याला चित्रातून वगळले असते तरी चित्राचे फारसे अडले नसते; जमीन वगळली असती, तर दांपत्याने चित्र घेतले असते की नाही याची मला दाट शंका आहे.

रॉबर्ट अँड्र्यूज हे बाकावर रेलून, पायाची अढी घालून आणि बगलेत बंदूक धरून उभे आहेत. तिकोनी टोपी, सैल शिकारी कोट, आणि मुद्रेवर असा निवांतपणा की, जगात जे काही करण्यासारखे होते ते आपल्या तीर्थरूपांनी करून ठेवलेले आहे याची खात्री असल्याशिवाय तो माणसाच्या मुद्रेवर उतरत नाही. पायाशी कुत्रा मान वर करून त्यांच्याकडे पाहत आहे, आणि सबंध चित्रात त्यांच्याकडे आदराने पाहणारा तेवढा एकच प्राणी आहे. शेजारी बाकावर फ्रान्सिसबाई बसलेल्या आहेत. त्यांचा आकाशी झगा आतल्या सांगाड्यामुळे दोन्ही बाजूंना इतका फाकला आहे की, यजमान उभे राहिले यात रुबाब किती आणि नाइलाज किती, हे ठरवणे कठीण व्हावे. पायांत टोकदार, नाजूक चपला. त्या घालून ही बाई शेताच्या कडेला आली कशी, आणि तो वळणावळणांच्या पायांचा दिवाणखान्यातला बाक तिथवर कोणाच्या डोक्यावरून आला, हे प्रश्न चित्रात उपस्थित होतात पण त्यांची उत्तरे देणारे कोणी चित्रात नाही. बाईंची नजर प्रेक्षकाकडे आहे, आणि तीत स्वागताचा लवलेशही नाही. परक्याच्या आवारात आगाऊ परवानगीवाचून शिरलेल्या माणसाकडे ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने त्या आज पावणेतीनशे वर्षे दर प्रेक्षकाकडे पाहत आल्या आहेत.

या दोघांचा विवाह १० नोव्हेंबर १७४८ रोजी सडबरी गावच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये झाला. वर बावीस-तेवीस वर्षांचा, वधू सोळाच्या घरातली. वराचे वडील मातब्बर सावकार. त्यांच्या कर्जदारांत खुद्द युवराज फ्रेडरिक यांचे नाव होते, आणि ज्याच्याकडे भावी राजा पैशासाठी येतो त्याला स्वतःला राजा होण्याची दगदग करावी लागत नाही. दोन्ही घराण्यांच्या जमिनी शेजारशेजारच्या होत्या. आता शेजारशेजारच्या जमिनी म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात प्रथम बांध उभा राहतो, बांधापाठोपाठ बांध कोरण्याची तक्रार, तक्रारीपाठोपाठ मोजणीचा अर्ज आणि अर्जापाठोपाठ तीन पिढ्या चालणारा दिवाणी दावा. परंतु त्या देशातील बुजुर्गांनी या सर्व खर्चाचा एकत्रित अंदाज घेऊन, त्यापेक्षा मुलामुलीचे लग्न लावून देणे स्वस्त पडते, असा व्यवहारी निष्कर्ष काढलेला दिसतो. चित्रात बाईंच्या आणि बुवांच्या मुद्रांवर एकमेकांविषयी विशेष काही आढळत नाही, हे खरे. पण शेतांच्या कडा मात्र एकमेकींना अत्यंत प्रेमाने भिडलेल्या आहेत.

बंदुकीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण वरवर पाहणाऱ्यास ती शिकारीचे साधन वाटते आणि वस्तुतः ते उत्पन्नाचे प्रमाणपत्र आहे. १६७१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने शिकारीचा एक कायदा केला. त्या कायद्यान्वये ज्याच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न १०० पौंड आहे, किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने धारण केलेल्या जमिनीचे १५० पौंड आहे, अशाच गृहस्थाला ससे, तितर आणि तत्सम प्राण्यांची शिकार करण्याचा अधिकार होता. थोरामोठ्यांचे थोरले चिरंजीव आणि काही सन्माननीय अपवाद सोडले, तर इतरांनी शिकारी कुत्रा, जाळे किंवा तशा कामाची बंदूक बाळगणे हाही गुन्हा होता, आणि तसा संशय आल्यास जमीनदाराच्या रखवालदारास घराची झडती घेता येई. म्हणजे एखाद्या लहान शेतकऱ्याचा कोबी ससा रोज पहाटे येऊन खात असेल, तर त्या शेतकऱ्याने उत्पन्नाचा आकडा शंभरावर जाईपर्यंत सशाचे आदरातिथ्य करीत राहावे, आणि कोबी सशानेच खाल्ल्यामुळे तो आकडा शंभरावर जाऊ नये, अशी या कायद्याची रचना होती. परगण्यातून पार्लमेंटचा सभासद निवडण्यासाठी मत देण्याचा अधिकार मात्र ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड उत्पन्नाच्या जमिनीवर मिळत असे. तितर मारण्यासाठी मतदाराच्या पन्नासपट मालमत्ता लागते, ही विसंगती ब्लॅकस्टन या विख्यात कायदेपंडितानेच नमूद करून ठेवली आहे. मला स्वतःला यात विसंगती दिसत नाही. सभासद कोण निवडून येणार हे बहुधा आधी ठरलेले असे. तितराचे तसे काही ठरलेले नसते, तेव्हा त्याची जोखीम जबाबदार माणसांकडेच सोपवणे इष्ट. सारांश, अँड्र्यूज यांच्या बगलेतील बंदूक आणि पायाशी असलेला कुत्रा या दोन वस्तू मिळून, हे गृहस्थ शंभर पौंडांच्या वरचे आहेत, एवढाच मजकूर सांगतात. आणि त्या काळच्या प्रेक्षकाला तो वाचता येत होता.

हे चित्र पाहण्याचा योग मला आला तो एका निवृत्त मामलेदारांच्या संगतीत, आणि त्याबद्दल मी दैवाचा ऋणी आहे. चिरंजीवांकडे लंडनला आलेले हे गृहस्थ उभी हयात महसूल खात्यात घालवून आता कलेकडे वळले होते. म्हणजे सुनेने त्यांना दुपारच्या वेळी कलेकडे वळवले होते. टिशियन आणि रेम्ब्रांट यांच्या दालनांतून ते सौजन्याने पण निर्विकारपणे चालत गेले. या चित्रासमोर मात्र ते थबकले, चष्मा पुसला, हात मागे बांधले, आणि ज्या आवाजात त्यांनी एके काळी तलाठ्यांना घाम फोडला असेल त्या आवाजात म्हणाले, “अहो, हे तर सातबाऱ्याचा उतारा आहे.”

मी म्हटले, “मामलेदारसाहेब, हे व्यक्तिचित्र आहे.”

“व्यक्ती म्हणजे भोगवटादार,” ते शांतपणे म्हणाले. “त्यांची नावे डाव्या बाजूसच असतात.”

पुढचा अर्धा तास त्यांनी त्या चित्राची जी पाहणी केली, तशी कोणा कलासमीक्षकाने केल्याचे माझ्या वाचनात नाही. पीक गहू, कापणी झालेली, पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. धसकटाच्या ओळी सरळ, म्हणजे पेरणी मुठीने फेकून झालेली नसून पाभरीने झालेली असावी. (हे बरोबर आहे. जेथ्रो टल या इंग्रज गृहस्थाने अठराव्या शतकाच्या प्रारंभी घोड्याने ओढायचे पेरणीयंत्र बनवले होते आणि अँड्र्यूज यांचे शेत त्या सुधारलेल्या रीतीची साक्ष देते, असे जाणकार सांगतात. आमच्याकडे ओळीत पेरणारी पाभर त्याआधी कित्येक पिढ्या चालत होती, पण तिच्याशेजारी उभे राहून कोणी चित्र काढून घेतले नाही.) पलीकडच्या कुरणात मेंढरे, तीही कुंपणाच्या आत, म्हणजे गायरान शिल्लक नाही, सगळे खाजगी. डावीकडे दूर दोन गाढवे. झाडांआडून चर्चचा मनोरा. ओक वृक्षाला त्यांनी इमारती लाकूड म्हणून दाखल केले. बाकाखालच्या जागेला पोटखराबा ठरवले. चतुःसीमेसाठी त्यांनी सोनेरी चौकटीच्या चारही बाजूंना एकेक दृष्टिक्षेप टाकला आणि समाधानाने मान हलवली. नंतर आभाळाकडे पाहून मात्र ते अस्वस्थ झाले. “ढग बघा कसले आलेत,” ते म्हणाले, “आणि माल उघड्यावर. या वेळी माणसे हाताशी घेऊन पेंढ्या आत टाकायच्या, का इथे उभे राहून चित्र काढून घ्यायचे?”

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. “माणसे कुठे आहेत?”

मी पुन्हा पाहिले. शेत नांगरलेले, पेरलेले, कापलेले, बांधलेले. कुंपणे घातलेली, फाटके बसवलेली, मेंढरे कोंडलेली. आणि हे सारे ज्यांनी केले त्यांच्यापैकी एकही जीव, दूरवरचा एखादा ठिपका म्हणूनदेखील, त्या एवढ्या प्रशस्त चित्रात नाही. गव्हाने स्वतःच स्वतःला कापून घेऊन पेंढ्या बांधून घेतल्या असाव्यात. मेंढरांना जागा मिळाली, गाढवांना मिळाली. “गाव नमुना बारामध्ये एक रकाना असतो,” मामलेदारसाहेब म्हणाले. “जमीन करणाऱ्याचे नाव. तो कोरा आहे.” थोडे थांबून त्यांनी खात्यातल्या अनुभवाची जोड दिली: “आमच्याकडेही पुष्कळदा कोरा असायचा. पण आम्ही निदान रकाना आखत होतो.”

दुसरी एक कोरी जागा या चित्रात खरोखरीच आहे, आणि तिने विद्वानांना फार काम पुरवले आहे. फ्रान्सिसबाईंच्या मांडीवर चित्रकाराने काहीतरी काढण्यासाठी जागा सोडली होती आणि ते काढायचे राहून गेले. तिथे नुसता रंग न भरलेला तपकिरी डाग आहे. काहींच्या मते तिथे यजमानांनी मारलेला फेझंट पक्षी यायचा होता; काहींच्या मते पुस्तक, काहींच्या मते भरतकाम, आणि काहींच्या मते पुढेमागे होणारे अपत्य, त्याची वाट पाहून चित्रकार थकला असावा. अपत्याची सबब मला पटत नाही, कारण या जोडप्याला पुढे नऊ मुले झाली आणि त्यांतले एखादे बसवून घेणे अशक्य नव्हते. फेझंटचीही नाही, तसल्या झग्यावर रक्ताळलेला पक्षी ठेवू देईल अशी बाई ती दिसत नाही. मामलेदारसाहेबांना मी ही सर्व मते सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि तो शेऱ्याचा रकाना असावा, असे सुचवले.

आता चित्रकाराकडे वळू, कारण तोही या हिशेबात आहेच. गेन्सबरो हा त्याच सडबरी गावचा, आणि सांगतात की तो नि अँड्र्यूज एकाच ग्रामर स्कुलात शिकले. वडील कापडाचे व्यापारी. १७३३ मध्ये त्यांचे दिवाळे वाजले आणि पुढे ते गावातच डाकेचा कारभार पाहू लागले. एका वर्गमित्राच्या बापाने सावकारीवर इस्टेट उभी केली, दुसऱ्याच्या बापाचे व्यापारात बूड निघाले, आणि दोन दशकांच्या आत दुसरा पहिल्याच्या शेताच्या कडेला घोडीवर कॅनव्हास लावून उभा राहिला, असा हा सरळ जमाखर्च आहे. तेरा-चौदाव्या वर्षी तो शिकायला लंडनला गेला. परत आला तेव्हा हातात कसब होते आणि गिऱ्हाइके मात्र गावचीच. पुढे बाथ या हवा खाण्याच्या गावी त्याने उमराव आणि उमरावपत्नी यांचे इतके चेहरे रंगवले की, चेहरा या वस्तूचाच त्याला वीट आला, आणि आपले वाद्य उचलून एखाद्या खेड्यात निघून जावे व डोंगरझाडी रंगवीत बसावे, अशा अर्थाचे पत्र त्याने एका मित्राला लिहिले. त्याला ओढ होती ती निसर्गचित्रांची. ती इतकी की, त्याचा प्रतिस्पर्धी सर जोशुआ रेनल्ड्स याने सांगून ठेवल्याप्रमाणे, तो घरात टेबलावर दगडांचे तुकडे, वाळलेल्या वनस्पती आणि आरशाचे कपचे मांडून त्यांतून डोंगर, झाडी आणि पाणी तयार करीत असे. परंतु झाडांनी आणि ढगांनी चित्राचे पैसे दिल्याचे उदाहरण इतिहासात नाही. तेव्हा अँड्र्यूज यांची ही कामगिरी त्याला किती मानवली असेल याची कल्पना करावी. गिऱ्हाइकाला जमीन हवी होती मालकीसाठी, चित्रकाराला हवी होती ढगांची सावली तिच्यावरून कशी सरकते ते पाहण्यासाठी. दोघांनी एकाच शेताकडे बोट दाखवले, आणि कोणाचा उद्देश काय हे एकमेकांना सांगण्याची गरज पडली नाही. म्हणून त्या चित्रात माणसे बाहुल्यांसारखी ताठर उतरली आहेत आणि आभाळ मात्र जिवंत आहे.

यावरून पुढे इंग्लंडात वादही झाला. जॉन बर्जर या लेखकाने १९७२ मध्ये दूरदर्शनवर आणि पुस्तकात असे मांडले की, हे दांपत्य निसर्गाच्या सान्निध्यात रमलेले नसून आपल्या मालमत्तेच्या सान्निध्यात रमलेले आहे, आणि तो मालकीचा ताठा त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसतो. लॉरेन्स गोइंग या विद्वानांना हे मानवले नाही. निर्मळ निसर्गाच्या तात्त्विक आनंदात हे दोघे मग्न असावेत, असा त्यांचा पक्ष. मला दोन्ही पक्षांचा आदर आहे. पण तात्त्विक आनंदात मग्न झालेल्या बाईंची नजर अशी असते हे मला, संसारी माणूस म्हणून, मान्य करता येत नाही. आणि शेताच्या मालकाने शेताकडे पाहून सुखावू नये, हा आग्रह ज्याला कधी गुंठाभरही जमीन लाभली नाही अशाच माणसाने धरावा.

ज्या सुमारास हे चित्र चालले होते त्याच सुमारास, १७४९ च्या डिसेंबरात, साताऱ्यास शाहू महाराजांचे देहावसान होऊन राज्यकारभाराचा सारा व्याप पुण्याकडे वळला, आणि तिथल्या कारकुनांनी सरंजाम, इनामे, वतने, मोकासे यांच्या ज्या याद्या मोडीत लिहून काढल्या त्या आज पेशवे दप्तराच्या रुमालांतून बांधून ठेवलेल्या आहेत. त्या वाचणारे फार थोडे. अँड्र्यूज यांची यादी मात्र रंगांत लिहिलेली असल्यामुळे तिच्यासमोर रोज माणसे उभी राहतात, तीही फुकट, कारण नॅशनल गॅलरीत प्रवेशमूल्य नाही. आणि ज्यांच्या पणजोबांना त्या शेतात ससा मारल्याबद्दल शिक्षा झाली असती, असे पुष्कळ लोक त्यांत असतात.

चित्र घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या राहिले. १९२७ मध्ये, चित्रकाराच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, ते इप्सविच येथील प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले, आणि १९६० मध्ये वंशजांनी ते लिलावात १,३०,००० पौंडांना विकले. त्याच वर्षी ते नॅशनल गॅलरीने घेतले. ही हकीकत मी मामलेदारसाहेबांना सांगितली तेव्हा ते बाहेर पडण्याच्या बेतात होते. ती ऐकून ते पुन्हा वळले.

“म्हणजे सरकारजमा,” ते म्हणाले.

“खरेदीने,” मी म्हणालो.

“खरेदीने असो की कशाने, फेरफार पडला. मग हितसंबंधितांना नोटीस काढली होती का?” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ते चित्राच्या अगदी जवळ गेले, फ्रान्सिसबाईंच्या चेहऱ्याकडे त्यांनी चष्म्याच्या वरून नीट पाहून घेतले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, “बाईंची हरकत दिसते.”